‘सव्वीस इंच’ : एका संज्ञेचा इतिहास आणि जुन्या माउंटन बाइकच्या टायरांची निवड

१९८० नंतरच्या सुमारे तीस वर्षांत ज्या माउंटन बाइका जगभर विकल्या गेल्या, त्यांपैकी बहुसंख्य सायकलींची चाके ‘सव्वीस इंची’ म्हणून ओळखली जातात. या सायकलींतील पुष्कळशा आजही वापरात आहेत. पोलादाचा वा ॲल्युमिनियमचा सांगाडा दशकानुदशके टिकतो. टायर मात्र झिजतो, त्याच्या बाजूंचे रबर तडकते आणि धन्याला दुकानाची पायरी चढावी लागते. तेथे तो ‘सव्वीसचा टायर’ मागतो. तो मिळतोही, परंतु घरी आणून बसवू जाता कधी तो रिमवर चढत नाही, तर कधी इतका सैल बसतो की हवा भरताच निसटून येतो. अशा वेळी मनुष्य स्वतःच्या हाताला दोष देतो. वस्तुतः दोष हाताचा नसून संज्ञेचा असतो. ‘सव्वीस इंच’ हे शब्द ऐकणाऱ्यास मोजमाप वाटतात. प्रत्यक्षात ते आज केवळ एक नाव आहे, आणि निदान पाच निरनिराळ्या मापांच्या रिमा त्या एका नावाने ओळखल्या जातात. हे नाव कसे पडले, त्यातील अर्थ केव्हा निघून गेला आणि तो निघून गेल्यावरही नाव का टिकले, हे समजल्यावाचून जुन्या माउंटन बाइकसाठी टायराची निवड नीट करता येत नाही.

प्रथम ‘टायर’ या शब्दाकडेच पाहणे उचित होईल. इंग्रजीत हा शब्द रबराच्या कितीतरी आधीचा आहे. पोशाख, साज या अर्थाच्या एका शब्दाचे ते संक्षिप्त रूप असून लाकडी चाकाच्या कडेवर ठोकलेल्या लोखंडी पट्ट्यांना, म्हणजे चाकाच्या ‘पोशाखाला’, तो लावला जात असे. मराठीत या लोखंडी वेष्टनास ‘धाव’ म्हणतात. ती तापवून बैलगाडीच्या चाकावर चढवावयाची आणि पाणी ओतून आवळावयाची, ही लोहारकामाची रीत सर्वपरिचित आहे. इंग्रजीने रबरी वस्तूसाठी आपला जुना शब्दच पुढे चालविला. मराठीने ‘धाव’ लोखंडापुरती ठेवली आणि रबरासाठी ‘टायर’ उसना घेतला. दोन्ही भाषांचा व्यवहार सुरळीत चालला आहे. वस्तू बदलली तरी नाव टिकते, किंवा नाव बदलले तरी वस्तूचे कार्य टिकते, यात भाषेच्या अभ्यासकास नवल वाटण्याचे कारण नाही. अडचण उद्भवते ती नावात आकडा असतो तेव्हा. कारण आकडा खोटे बोलत असेल अशी शंका सहसा कोणाला येत नाही.

हवा भरलेल्या टायराची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्ये एकस्वाद्वारे नोंदविली होती. पण तेव्हा सायकलच नसल्याने ती विस्मृतीत गेली. बेलफास्ट येथे पशुवैद्यकाचा व्यवसाय करणाऱ्या जॉन बॉइड डनलॉपने ती १८८८ मध्ये स्वतंत्रपणे पुन्हा शोधून काढली. थॉमसनच्या अग्रहक्कामुळे डनलॉपचे एकस्व पुढे अवैध ठरले, ही कथा बहुतेक ग्रंथांतून येते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना १८९० ची आहे. डनलॉपचा टायर रिमला कापडाने गुंडाळून चिकटविलेला असे. पंक्चर काढणे हा मोठाच खटाटोप होता. १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च याने टायराच्या दोन्ही कडांत न ताणणारी तार घालण्याची आणि मध्ये खोलगट असलेल्या रिमची योजना मांडली. आजची जवळजवळ प्रत्येक सायकल याच योजनेवर चालते. टायर काढताना एका बाजूची तार रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलली की विरुद्ध बाजूस जागा होते, हे सायकलदुरुस्ती करणाऱ्या प्रत्येक पोराला हाताने ठाऊक असते. तार ताणत नसल्याने टायर रिमवर बसेल की नाही हे फक्त एकाच गोष्टीवर अवलंबून राहते : रिमवरील ज्या कंगोऱ्यावर तार टेकते तेथील व्यास. या व्यासास पुढे ‘बैठकीचा व्यास’ म्हटले आहे. टायरची रुंदी काही मिलिमीटरांनी कमीअधिक झाली तर चालते. बैठकीचा व्यास तीनचार मिलिमीटरांनी चुकला तरी टायर निरुपयोगी होतो.

असे असताना टायरांना नावे देताना मात्र बैठकीच्या व्यासाचा उल्लेखच झाला नाही. जुन्या कारखानदारांनी नाव दिले ते हवा भरलेल्या टायराच्या बाहेरील व्यासावरून आणि रुंदीवरून. ‘२६ × १ ३/८’ याचा मूळ अर्थ, बाहेरून सव्वीस इंच उंच आणि एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच जाड, असा होता. ही पद्धत अविचाराची होती असे म्हणता येत नाही. सायकलस्वाराच्या दृष्टीने चाकाची उंचीच महत्त्वाची. तिच्यावर पायडलाच्या एका फेऱ्यात कापले जाणारे अंतर अवलंबून असते. उंची तीच ठेवून टायर जाड हवा असेल तर रिम त्या मानाने लहान केली पाहिजे, आणि तशीच ती केली गेली. याचा पडताळा आजही साध्या बेरजेने घेता येतो. २६ × १ १/४ या टायराची बैठक ५९७ मि.मी., म्हणजे साडेतेवीस इंच. तीत दोन्ही बाजूंची जाडी, अडीच इंच, मिळविली की बरोबर सव्वीस येतात. २६ × १ ३/८ ची बैठक ५९० मि.मी., २६ × १ १/२ ची ५८४, २६ × १ ३/४ ची ५७१. यांपैकी कोणतीही जोडी घेऊन बेरीज केली तरी उत्तर सव्वीसच्या आसपासच येते, आणि फरक पडला तर तो इंचाच्या शतांशांचा. संस्कृत शास्त्रकारांच्या परिभाषेत सांगावयाचे तर ही नावे त्या काळी शुद्ध यौगिक होती; अवयवांच्या अर्थावरून समुदायाचा अर्थ काढता येत होता.

पुढे जे घडले ते भाषेत वारंवार घडणारे आहे. एकदा विशिष्ट बैठकीची रिम बाजारात आली की तिच्यावर थोडा बारीक किंवा थोडा जाड टायर बसविण्यास काहीच अडचण नसते. जाडी बदलली की बाहेरील व्यास बदलतो. पण दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला ओळख पटावी म्हणून पहिला आकडा जुनाच ठेवावा लागला. तो बदलला असता तर टायर कोणत्या रिमचा हे कळण्यास मार्गच उरला नसता. अशा रीतीने बाहेरील उंची सांगणारा शब्द नकळत रिमची जात सांगू लागला. ‘तेल’ हा शब्द तिळाच्या रसाचा असता खोबऱ्याच्या आणि शेंगदाण्याच्या तेलाला लागू झाला, त्यातलाच हा प्रकार. यौगिक संज्ञा रूढ झाली. तिळाचा अंश तेलात शोधणारा जसा फसेल, तसाच सव्वीस इंच शोधणारा सायकलीत फसतो. सव्वीस इंची माउंटन बाइकच्या रिमवर दीड इंची गुळगुळीत टायर बसविला तर चाक भरते जेमतेम २५.२ इंच, उलट शर्यतीच्या सायकलीचे, नावात कोठेही सव्वीस नसलेले, ‘७०० × २३’ मापाचे चाक भरते २६.३ इंच.

एकच नाव दोन अर्थांनी वापरले जाण्याचा प्रसंगही लवकरच आला. इंग्लंडमध्ये ‘२६ × १ ३/८’ म्हणजे ५९० ची बैठक. अमेरिकेतील श्विन कंपनीने हेच आकडे छापले ते ५९७ च्या टायरांवर. अक्षर न् अक्षर सारखे, आणि वस्तू परस्परांना निरुपयोगी. याला अनेकार्थी शब्द म्हणण्यापेक्षा समोच्चारित भिन्न शब्द म्हणणे अधिक योग्य होईल.

माउंटन बाइकचा सव्वीस मात्र या पाचांतील पाचवा आहे आणि त्याचे कूळ इंग्रजी नाही. १९३३ मध्ये श्विन कंपनीने मुलांच्या सायकलींसाठी जाड, कमी दाबाचे ‘बलून’ टायर अमेरिकेच्या बाजारात आणले. फ्रँक श्विनने असे टायर जर्मनीत पाहिले होते. त्यांचे माप २६ × २.१२५, बैठक ५५९ मि.मी. मोटारसायकलीच्या ऐटीत दिसणाऱ्या, अंगाने जड, मागे उलटे पायडल मारून थांबविण्याच्या या सायकली अमेरिकन मुलांनी वर्तमानपत्रे वाटण्यासाठी आणि शाळेत जाण्यासाठी वापरल्या. येथे लिपीतील एक बारीक भेद जन्मास आला. जुन्या मापांत जाडी व्यवहारी अपूर्णांकात लिहीत. बलून टायरांच्या कुळात ती दशांशात लिहिली गेली. म्हणून २६ × १ ३/४ आणि २६ × १.७५ ही मापे गणिताने समान असूनही पहिल्याची बैठक ५७१ आणि दुसऱ्याची ५५९ आहे. अमेरिकन सायकलतज्ज्ञ शेल्डन ब्राऊन (मृत्यू २००८) याने हा अनुभव सूत्ररूपाने मांडला होता. दोन टायरांची मापे गणिताने सारखी असून एक अपूर्णांकात आणि दुसरे दशांशात लिहिलेले असेल, तर ते टायर एकमेकांच्या जागी बसणार नाहीत, असा त्याचा आशय आहे. विनोदाच्या सुरात सांगितलेले हे सूत्र खरे असल्याचे पदोपदी आढळते.

या सूत्राचा मराठी भाषिकांशी असलेला संबंध मुद्दाम ध्यानात घेण्याजोगा आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच अशी अपूर्णांकांची स्वतंत्र शब्दसंपत्ती मराठीत आहे आणि ती रोजच्या देवघेवीत जिवंत आहे. दशांशात लिहिलेला ‘१.५०’ सुद्धा बोलताना ‘दीड’ होतो. ‘एक पूर्णांक पाच दशांश’ असे बाजारात कोणी म्हणत नाही. परिणाम असा होतो की जो भेद कागदावर आहे तो उच्चारात लोपतो. भारतात साध्या सायकलींच्या टायरांत २६ × १ १/२ हे माप रूढ आहे व त्याची बैठक ५८४ मि.मी. आहे. माउंटन बाइक डांबरी रस्त्यावर चालविण्यासाठी जो अरुंद टायर मिळतो त्यावर २६ × १.५० असे छापलेले असते व त्याची बैठक ५५९. गल्ल्यापाशी उभे राहून ‘सव्वीस दीड’ म्हणणाऱ्यास यांपैकी कोणता टायर हातात पडेल हे दुकानदाराच्या मांडणीवर अवलंबून राहते. तोंडी व्यवहाराची सवय येथे बाजूस ठेवावी लागते. टायर मागावयाचा तो लिहून, किंवा जुना टायर सोबत नेऊन.

मुलांच्या सायकलीची ही बैठक डोंगरावर कशी चढली? सत्तरीच्या दशकात कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यात, टॅमलपाइस डोंगराच्या परिसरात, काही तरुण जुन्या बाजारातून श्विन एक्सेल्सियर यांसारख्या चाळीस वर्षांपूर्वीच्या सायकली अल्प किमतीत विकत घेऊन कच्च्या रस्त्यांवरून उतारावर हाकीत असत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्सजवळ त्यांची पहिली नियमित शर्यत झाली. तिला ‘रीपॅक’ हे नाव पडले, कारण एका उतरणीत मागील ब्रेकमधील ग्रीस तापून जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने या कामासाठी नवा सांगाडा बांधला. १९७९ मध्ये गॅरी फिशर व चार्ली केली यांनी टॉम रिची याच्या सांगाड्यांवर ‘माउंटनबाइक्स’ नावाचा व्यवसाय काढला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर ही सायकल बाजारात आली आणि प्रकरण हौशी मंडळींच्या हातून कारखान्यांच्या हाती गेले. या सर्व काळात चाक ५५९ च्याच बैठकीचे राहिले. त्या माणसांना दोन इंचांहून जाड, खडबडीत टायर हवा होता, आणि अमेरिकेत तसा टायर फक्त जुन्या बलून सायकलींच्या मापात मिळत होता. कोणी प्रयोग करून, मोजमापे घेऊन हा व्यास निवडला नव्हता. पुढील काळात जाहिरातींतून आणि मासिकांतून सव्वीस इंची चाकाच्या मजबुतीची व चपळाईची जी समर्थने झाली ती नंतर सुचलेली आहेत. निवड आधी झाली होती, कारणे मागाहून आली.

दुसरा पर्याय अगदीच अज्ञात होता असेही नाही. इंग्लंडमध्ये जेफ ॲप्स नावाचा कल्पक कारागीर त्याच सुमारास चिखलवाटांसाठी सायकली बांधीत होता. त्याने फिनलंडमध्ये बर्फासाठी बनणारे हाक्कापेलिटा टायर वापरले व त्यांची बैठक ५८४ होती. असे काही टायर त्याने कॅलिफोर्नियातील मंडळींकडे पाठविलेही होते. पण फिनलंडहून नियमित पुरवठा होण्याची शाश्वती नव्हती, तर बलून टायर घराजवळ मिळत होते. पुरवठ्याच्या या साध्या अडचणीने पुढील तीस वर्षांच्या कोट्यवधी चाकांचे माप ठरविले.

पहिला आकडा असा रूढ होऊन बसला. दुसऱ्याची गत निराळी झाली. टायराच्या जाडीचा आकडा खोटा ठरण्यास भाषेचा ओघ कारण नव्हता, व्यापारातील चढाओढ होती. टायरांची तुलना मासिकांतून वजनावरून होत असे. एकाच जाडीच्या दोन टायरांत हलका तो श्रेष्ठ, अशी समजूत झाली, आणि वजन कमी करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे टायर थोडा बारीक बनवून नाव मात्र जाडीचे द्यावयाचे. एकाने असे केले की दुसऱ्यास तेच करावे लागे. म्हणून नव्वदीच्या दशकातील ‘२.१’ छापलेले कित्येक टायर प्रत्यक्षात दोन इंचही भरत नाहीत. याची आठवण आज विशेष ठेवावी लागते. कारण अलीकडचे बरेच टायर छापलेल्या आकड्याच्या जवळपास खरे भरतात, आणि जुन्या २.१ च्या जागी नवा २.१ आणणाऱ्याचा टायर सांगाड्याला घासू लागतो.

या गोंधळावर उपाय सुचलाच नव्हता असे नाही. फ्रेंचांनी मिलिमीटर स्वीकारले तरी कल्पना तीच ठेवली : ६५० हा बाहेरील व्यास आणि ए, बी, सी ही अक्षरे वाढत्या जाडीची. त्यामुळे ६५०ए म्हणजे ५९०, ६५०बी म्हणजे ५८४ आणि ६५०सी म्हणजे ५७१, असा इंग्रजी मापांशी बरोबर जुळणारा पण तितकाच निरर्थक होत गेलेला दुसरा कोश तयार झाला. खरी सुधारणा केली ती १९६४ मध्ये स्थापन झालेल्या युरोपीय टायर व रिम तंत्र संघटनेने. तिच्या पद्धतीत, जी पुढे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ५७७५ क्रमांकाच्या मानकात समाविष्ट झाली, टायरावर दोनच आकडे येतात : प्रथम जाडी, मग बैठकीचा व्यास, दोन्ही मिलिमीटरांत. ४७-५५९, ५०-५५९, ५४-५५९ असे लिहिले की संदेहास जागा उरत नाही. अपूर्णांक नाही, दशांश नाही, बाहेरील उंचीचा संबंध नाही. ज्या गोष्टीवर टायर बसणे न बसणे अवलंबून आहे तीच प्रथमच नावात आली. १९७० नंतरच्या बहुतेक नामांकित टायरांच्या बाजूवर हे आकडे बारीक ठशात सापडतात. मोठ्या अक्षरांत मात्र अजूनही जुनेच नाव मिरवत असते.

शास्त्रशुद्ध संज्ञा उपलब्ध झाल्यावर जुनी नावे मागे पडतील अशी अपेक्षा होती. घडले ते उलट. १९९९ मध्ये ६२२ च्या बैठकीवर बसणारा जाड खडबडीत टायर अमेरिकेत निघाला तेव्हा त्याचे नाव ‘एकोणतीस इंच’ ठेवण्यात आले. हीच बैठक शर्यतीच्या सायकलीवर ‘७००सी’ आणि जर्मनीत ‘अठ्ठावीस’ या नावाने वर्षानुवर्षे नांदत होती. भारतातील साध्या सायकलीचा ‘अठ्ठावीस’, २८ × १ १/२, तो आणखी निराळा, ६३५ चा. २००७ मध्ये कर्क पॅसेंटी याने ५८४ च्या बैठकीचा डोंगरी टायर पुढे आणला. २०१२ मध्ये स्विस सायकलपटू नीनो शुर्टर याने दक्षिण आफ्रिकेतील पीटरमॅरिट्झबर्ग येथे त्या मापाच्या चाकांवर विश्वचषकाची शर्यत जिंकली, आणि व्यापाऱ्यांनी या मापास ‘साडेसत्तावीस’ हे नाव दिले. सव्वीस आणि एकोणतीस यांच्या बरोबर मधले, असा भास त्यातून निर्माण होतो. वास्तविक ५८४ ही बैठक ५५९ पेक्षा पंचवीस मिलिमीटरांनीच मोठी आणि ६२२ पेक्षा अडतीस मिलिमीटरांनी लहान आहे. शंभर वर्षांपूर्वीची चूक अज्ञानातून झाली होती. ही जाणूनबुजून केलेली आहे, एवढाच फरक. त्यानंतरच्या दोनतीन वर्षांत मोठ्या कंपन्यांच्या प्रौढांसाठीच्या नव्या माउंटन बाइकांतून ५५९ जवळजवळ नाहीसा झाला.

त्यामुळे जुन्या सायकलीच्या धन्याची स्थिती चमत्कारिक झाली आहे. ५५९ चे टायर मिळत नाहीत असे नव्हे. रस्त्यासाठी, प्रवासासाठी आणि साधारण कच्च्या वाटेसाठी ते आजही बनतात आणि बरे बनतात. निवड आकसली आहे ती उत्तम प्रतीच्या डोंगरी टायरांत. अशा वेळी मोठी चाके जुन्या सांगाड्यात बसवावीत असा सल्ला दिला जातो. ज्या सायकलींचे ब्रेक रिमला पकडतात त्यांच्या बाबतीत तो निरर्थक आहे. ब्रेकची खुंटी सांगाड्यावर पक्की असते आणि ५८४ ची रिम तिच्यापासून साडेबारा मिलिमीटर वर जाते, जेथे ब्रेकचे रबर पोचत नाही. १९८० आणि १९९० च्या दशकांतील जवळजवळ सर्व माउंटन बाइका याच प्रकारच्या आहेत. त्यांनी ५५९ शी इमान राखावे हेच बरे.

बैठक निश्चित झाल्यावर जाडीचा विचार येतो व तेथे छापील आकड्यापेक्षा पट्टी अधिक विश्वासू ठरते. पुढील चिमट्यात आणि मागील दोन नळ्यांच्या मध्ये, जेथे जागा सर्वांत कमी असेल तेथे, टायराच्या दोन्ही बाजूंस निदान पाचसहा मिलिमीटर मोकळे राहतील एवढीच जाडी घ्यावी. चिखलाच्या प्रदेशात याहून अधिक. जुन्या रिमा आतून बहुधा सतरा ते एकोणीस मिलिमीटर रुंद असतात. त्यांच्यावर चाळीस ते पंचावन्न मिलिमीटरांपर्यंतचे टायर व्यवहारात चांगले चालतात. त्याहून जाड टायर कमी हवेत वळणावर डुलू लागतो. मागील टायर सहज फिरणारा आणि पुढील अधिक पकडणारा असावा हे तत्त्व जुन्या मंडळींनी नीट ओळखले होते. पॅनारेसर कंपनीचे ‘स्मोक’ आणि ‘डार्ट’ हे टायर मागील आणि पुढील चाकांसाठी मुद्दाम वेगळ्या नक्षीचे बनविलेले होते. बहुतेक जुन्या माउंटन बाइका मात्र आज डांबरावरच चालतात. त्यांच्यावर मोठ्या गुठळ्यांचा टायर ठेवणे म्हणजे पायांची शक्ती रबर चेपण्यात खर्च करणे होय. गुळगुळीत टायर ओल्या डांबरावर पाण्यावर तरंगून घसरेल ही भीती मोटारीवरून घेतलेली आहे. सायकलीचा वेग आणि टायराची अरुंद, गोलसर पाठ पाहता तसे घडत नाही. मात्र ५४ मिलिमीटरांच्या जागी ४० मिलिमीटरांचा टायर घातला की चाकाचा परीघ सुमारे २,०९५ वरून २,००७ मि.मी. वर येतो. गिअर चार टक्क्यांनी हलका होतो, सायकल चौदा मिलिमीटर जमिनीकडे येते, आणि अंतरमापक पुन्हा जुळवावा लागतो. ट्यूबशिवाय चालणाऱ्या टायरांची प्रमाणित पद्धती १९९९ मध्ये निघाली. तिच्या आधीच्या रिमांवर तिचे प्रयोग न केलेले उत्तम.

बाजूवरचे ठसे पुसून गेलेले असतील तर काय करावे, हा प्रश्न नेहमीचा आहे. पुष्कळ जण रिम उघडी करून तिच्या बाहेरील कडेपासून समोरच्या कडेपर्यंत फीत धरतात. ५५९ च्या रिमवर ती फीत सुमारे ५७१ दाखविते, कारण तार टेकण्याच्या कंगोऱ्याहून रिमची कड प्रत्येक बाजूस सहाएक मिलिमीटर वर असते. आणि ५७१ हे नेमके दुसऱ्या एका ‘सव्वीस’चे, २६ × १ ३/४ चे, माप आहे. म्हणजे काळजीपूर्वक मोजणारा सुद्धा चुकीच्या टायराकडे वळू शकतो. मोजलेल्या आकड्यातून बारा वजा करून मग ५५९, ५७१, ५८४, ५९० आणि ५९७ यांपैकी जवळचा आकडा पाहावा. दुकानात ‘सव्वीस दीड’ म्हणून हाती आलेला ५८४ चा टायर जुन्या सव्वीस इंची माउंटन बाइकवर सैल पडेल. शेजारी उभ्या असलेल्या नव्या कोऱ्या ‘साडेसत्तावीस इंची’ सायकलीच्या रिमवर त्याची तार बिनचूक टेकते.